एनबीएचा ‘लास्ट टू मिनिट रिपोर्ट’ : बरेच सीझन वाचून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण बास्केटबॉल नेमाने बघणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनीसुद्धा हा रिपोर्ट कधी उघडलेला नसतो, त्यातली एखादी ओळ स्क्रीनशॉट होऊन ग्रुपवर फिरते तेवढीच बघितलेली असते आणि त्याखाली मग दोन दिवस भांडण चालतं.

एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, मार्च 2015 पासून ही सेवा चालू केली. मॅच शेवटच्या दोन मिनिटांत अटीतटीची असेल तर त्या दोन मिनिटांत (आणि ओव्हरटाइम झाला तर त्याच्याही शेवटच्या दोन मिनिटांत) रेफरींनी दिलेला प्रत्येक निर्णय आणि न दिलेले महत्त्वाचे निर्णय लीगची माणसं व्हिडिओवर पुन्हा तपासतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा तक्ता सगळ्यांसाठी साइटवर टाकतात. सुरुवातीला पाच गुणांपर्यंतचा फरक धरायचे, नंतर तो तीनवर आणला. तक्त्यात क्वार्टर, किती वेळ उरला होता, कुठला फाऊल किंवा व्हायोलेशन (फाऊल नसलेला नियमभंग), कोणी केलं, कोणाचं नुकसान झालं, निर्णय बरोबर की चूक, आणि त्या क्षणाचा व्हिडिओ. एका ओळीचा शेराही असतो. निर्णयाचे चार शिक्के आहेत: सीसी म्हणजे शिट्टी वाजली आणि बरोबर वाजली, आयसी म्हणजे वाजली पण चुकीची, सीएनसी म्हणजे वाजली नाही आणि वाजायला नकोच होती, आणि आयएनसी म्हणजे वाजायला हवी होती पण वाजली नाही.

हे चार शिक्के नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या मते या सगळ्या सेवेची खरी किंमत या शेवटच्या आयएनसीमध्ये आहे.

मी स्वतः हौशी आणि कॉलेज लेव्हलच्या मॅचेसना शिट्टी वाजवतो, त्यामुळे हा रिपोर्ट मी फॅन म्हणून वाचत नाही, अभ्यास म्हणून वाचतो. पहिल्यांदा वाचायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं की चुका म्हणजे चुकीच्या शिट्ट्या असणार, नसलेला फाऊल दिला वगैरे, कारण प्रेक्षक ओरडतात ते त्याच्यावरच जास्त. पण पाच-पन्नास रिपोर्ट वाचल्यावर लगेच दिसतं की शेवटच्या दोन मिनिटांत चुकीची वाजलेली शिट्टी फार कमी असते, चुका बहुतेक सगळ्या न वाजलेल्या शिट्टीच्या असतात. म्हणजे रेफरी चुकतो तेव्हा तो बहुतेक वेळा गप्प राहून चुकतो. आता बघा, आपण सगळे जो वाद घालतो, की शेवटच्या क्षणी नियम कडक लावावे की थोडं सोडून द्यावं, खेळाडूंना खेळू द्यावं, त्या वादात ‘सोडून देणं’ हे आपण कायम तटस्थ समजतो. शिट्टी वाजवली म्हणजे रेफरीने निकाल लावला आणि नाही वाजवली म्हणजे खेळाडूंनी लावला. हा रिपोर्ट ते मोडून काढतो, कारण त्यात न वाजलेल्या शिट्टीलाही स्वतःची ओळ आहे, आणि त्या ओळीत ‘नुकसान झालेला खेळाडू’ असा एक वेगळा रकानाच आहे. गप्प राहिल्याने कोणाचं तरी नुकसान झालं आणि त्याचं नाव इथे लिहिलंय. मला हा रकाना अख्ख्या तक्त्यात सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

उदाहरण द्यायचं तर 2 मे 2016 ची ओक्लाहोमा सिटी थंडर आणि सॅन अँटोनियो स्पर्सची प्लेऑफच्या मालिकेतली दुसरी मॅच घ्या. थंडर 98-97 ने पुढे, 13.5 सेकंद बाकी, त्यांचा डिऑन वेटर्स साइडलाइनवरून बॉल आत टाकणार, समोर स्पर्सचा मनू जिनोबिली. वेटर्सने चक्क कोपराने जिनोबिलीला मागे ढकललं आणि मग बॉल फेकला. शिट्टी नाही. पुढे बॉल स्पर्सनेच पळवला, गोंधळ झाला, बास्केट काही झाली नाही, मॅच संपली. मुख्य रेफरीने त्याच रात्री मान्य केलं की तो ऑफेन्सिव्ह फाऊल (बॉल ज्यांच्याकडे त्या टीमचा फाऊल) द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तर त्या 13.5 सेकंदांतच पाच निर्णय सुटल्याचं लीगने लिहिलं होतं, आणि ते एकाच बाजूचे नव्हते, दोन्ही संघांचे होते. साडेतेरा सेकंदांत पाच! लोकांच्या लक्षात फक्त ते कोपर राहिलं, कारण ते उघड दिसत होतं. पण पाचही ओळी एकापाठोपाठ वाचल्या की कळतं की हा एका माणसाचा एक डोळा चुकण्याचा प्रकार नाहीये, पहिली शिट्टी सुटली की पुढचं सगळंच सुटत जातं, कारण मोठी गोष्ट सोडली आणि आता बारीक गोष्टीवर वाजवायची कशी असं रेफरीच्या मनात येतं. हे मी अंदाजाने नाही म्हणत, शिट्टी तोंडात धरून उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

दुसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, 28 जानेवारी 2023, लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स. स्कोअर 105-105, रेग्युलर टाइमचे शेवटचे क्षण, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स लेअपला (बास्केटजवळ जाऊन बॉल टाकायला) गेला, सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, शिट्टी नाही. लेब्रॉन अक्षरशः गुडघ्यावर बसला. लेकर्सचाच पॅट्रिक बेव्हर्ली फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन रेफरीला फोटो दाखवायला गेला आणि टेक्निकल फाऊल (वागणुकीबद्दलचा फाऊल) घेऊन आला. लेकर्स ओव्हरटाइममध्ये 125-121 हरले. इथेही मुख्य रेफरीने मॅचनंतर चूक मान्य केली, आणि रेफरींच्या संघटनेने जाहीरपणे लिहिलं की ही चूक आम्हाला झोप लागू देणार नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण रेफरीला चूक कळत नाही, त्याला काही फरक पडत नाही, असं जे लोक समजतात ते अगदी खोटं आहे.

आता ‘खेळू द्या’ म्हणणाऱ्यांची बाजू मला पटत नाही असं नाही, अर्धी पटते. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक पझेशनला (बॉल एका टीमकडे असतो तेवढ्या वेळात) कुठेतरी कोणीतरी कोणाला तरी धरत असतं. नियमपुस्तकातच लिहिलंय की नुसता स्पर्श झाला म्हणजे फाऊल होत नाही. रेफरींना शिकवतात तेही हेच, की त्या स्पर्शाने खेळाडूची लय, वेग, तोल, चपळाई यातलं काही बिघडलं का ते बघा. म्हणजे ‘कडक’ याचा अर्थ ‘दिसेल त्या स्पर्शावर फुंक’ असा कधीच नव्हता. शेवटचे चार सेकंद उरलेत आणि अंगाला अंग घासलं म्हणून शिट्टी मारली, जी आधीच्या सत्तेचाळीस मिनिटांत एकदाही मारली नव्हती, तर तो कडकपणा नव्हे, तोही अन्यायच. आणि या रिपोर्टला श्रेय द्यायला पाहिजे की तो हे समजून घेतो. सीएनसीच्या ओळींचे शेरे वाचा, तिथे परत परत येतं की स्पर्श झाला पण किरकोळ होता, शूटरवर परिणाम झाला नाही, डिफेंडर आधीपासून योग्य जागेवर होता. नवीन रेफरीने पहिल्यांदा हेच शेरे वाचावेत, व्हिडिओ समोर ठेवून, आयएनसीकडे नंतर या. फाऊल काय नाही हे कळल्याशिवाय फाऊल काय आहे ते कळत नाही, आणि हे शिकवणारं इतकं मोठं, उघडं, व्हिडिओसकटचं साहित्य मला तरी दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे स्टॉपवॉच, झूम असलं काही लावल्याशिवाय जी चूक दिसूच शकत नाही ती वेगळी नोंदवतात आणि रेफरीच्या नावावर चूक म्हणून धरत नाहीत. पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या भागात) तीन सेकंदांच्या जागी जेमतेम जास्त उभा राहिला असल्या गोष्टी यात येतात. हे न्यायाचं आहे. माणूस एका जागेवरून, एका वेगाने, एकदाच बघतो.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, आणि याच्यावर कोणी फार बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

मॅच 48 मिनिटांची असते आणि रिपोर्ट दोनाचा. बाकीच्या 46 मिनिटांचं काय? लीग सगळ्या मॅचेसचं अंतर्गत मूल्यमापन करते, पण लोकांसमोर ठेवते ती फक्त ही दोन मिनिटं. याचा परिणाम असा होतो की ज्या प्रश्नासाठी हा रिपोर्ट उघडायचा, म्हणजे शेवटी रेफरी खरंच हात आखडतात का, त्याचं उत्तर यातून मिळूच शकत नाही. न वाजलेल्या शिट्ट्या जास्त आहेत हे दिसतं, पण त्या शेवटच्या दोन मिनिटांतच जास्त आहेत की पहिल्या क्वार्टरलाही तितक्याच असतात हे कसं कळणार, तुलनेला पहिल्या क्वार्टरचा तक्ताच नाहीये. तापमान शेवटच्या तासाचं तेवढं मोजायचं आणि ताप वाढला की नाही ते सांगायचं, तसं झालं हे. मला रोजची सगळी 48 मिनिटं नकोत, ते कोणी वाचणारही नाही. पण पहिल्या क्वार्टरमधली कुठलीही दोन मिनिटं घेऊन त्याच तक्त्यात शेजारी टाकली तर हा वाद निदान आकड्यांवर तरी घालता येईल, आत्ता तो आठवणींवर चालतो आणि आठवण कायम आपल्याच टीमच्या बाजूने असते.

आणि यातून एक चुकीची शिकवणही नकळत जाते, की दुसऱ्या क्वार्टरमधला सुटलेला फाऊल कमी महत्त्वाचा. तो कसा कमी? दुसऱ्या क्वार्टरला फुकट गेलेले दोन फ्री थ्रो आणि शेवटच्या सेकंदाला गेलेले दोन फ्री थ्रो स्कोअरबोर्डवर सारखेच मोजतात. फरक एवढाच की आधी गेलं तर भरून काढायला वेळ असतो, आणि म्हणूनच शेवटची चूक जास्त लागते. एरवी रेफरीसाठी नियम तोच असतो.

(तोच म्हणतोय खरं, पण काटेकोर बोलायचं तर नियमपुस्तकातही शेवटची दोन मिनिटं थोडी वेगळी आहेत. टीम फाऊलचा पेनल्टी (टीमचे ठरावीक फाऊल झाल्यावर समोरच्यांना मिळणारे फ्री थ्रो) लवकर लागतो, बॉलपासून लांब मुद्दाम फाऊल केला तर एक फ्री थ्रो आणि वर पझेशन. पण हे वेगळेपण आधीच लिहून ठेवलेलं आहे, दोन्ही कोचना माहीत असतं. रेफरीने ऐन वेळी मनातल्या मनात केलेला बदल कोणालाच माहीत नसतो, हा त्यातला फरक.)

दुसरी तक्रार, रिपोर्ट आला तरी निकाल बदलत नाही. खरं सांगायचं तर मला तो बदलायलाही नकोय, कारण मग मॅच संपली कधी असं म्हणणार? एकदा एनबीएने शेवट परत खेळवला होता, डिसेंबर 2007 च्या मायामी हीट विरुद्ध अटलांटा हॉक्स मॅचमध्ये हीटच्या शकील ओनीलला मोजणीच्या चुकीमुळे सहा फाऊल झाल्याचं सांगून बाहेर काढलं होतं, तेव्हा उरलेले 51.9 सेकंद मार्च 2008 मध्ये परत खेळवले, आणि तोपर्यंत ओनील दुसऱ्या टीममध्ये गेलेला होता! हॉक्सच परत जिंकले. पण ती नोंद ठेवण्याची चूक होती, आणि ती सिद्ध करता येते. फाऊल होता की नव्हता हे तसं सिद्ध करता येत नाही.

तिसरी, रेफरींची बाजू. त्यांच्या संघटनेचा या रिपोर्टला उघड विरोध आहे, आणि एका खेळाडूचं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. 2016 च्या ख्रिसमसला कॅव्हेलियर्सनी वॉरियर्सना 109-108 ने हरवलं, शेवटच्या क्षणी वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट पडला, शिट्टी नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट म्हणाला की कॅव्हेलियर्सच्या रिचर्ड जेफरसनचा फाऊल होता, म्हणजे ड्युरंट बरोबर होता. आणि ड्युरंटच या रिपोर्टवर भडकला! लीग आपल्याच रेफरींना तोंडघशी पाडते, असं त्याचं म्हणणं होतं. ज्याच्या बाजूने रिपोर्ट लागला त्यालाच तो नको होता. मी हे खूप वेळा मनात घोळवलंय. त्याची सहानुभूती मला आवडते, पण निष्कर्ष मला पटत नाही, कारण 2007 मध्ये याच लीगमधला एक रेफरी स्वतःच्याच मॅचेसच्या सट्ट्यात सापडला होता आणि त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला होता. असं एकदा घडून गेल्यावर ‘आम्ही आतल्या आत बघतो, तुम्ही विश्वास ठेवा’ एवढं सांगून चालत नाही. उघडं ठेवावंच लागतं. फक्त चुकीच्या ओळी जेवढ्या फिरतात तेवढ्या बरोबरच्या ओळी फिरत नाहीत, आणि बरोबरच्या ओळी कितीतरी जास्त असतात, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मग कोणी म्हणेल, सुटलेली शिट्टी लगेच व्हिडिओवर बघून द्या ना. अमेरिकन फुटबॉलने हे करून बघितलं. जानेवारी 2019 मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्सच्या एनएफसी फायनलला (जिंकणारा सुपर बोल या अंतिम मॅचला जातो) 1 मिनिट 49 सेकंद उरलेले असताना रॅम्सच्या डिफेंडरने बॉल पोचायच्या आधीच रिसीव्हरला आडवं केलं, फ्लॅग पडला नाही, म्हणजे फाऊल दिला नाही, रॅम्स ओव्हरटाइममध्ये 26-23 जिंकून सुपर बोलला गेले. एवढा आरडाओरडा झाला की 2019 च्या सीझनला पास इंटरफिअरन्स (बॉल झेलणाऱ्याला असं आडवं करण्याचा फाऊल), दिलेला असो की सुटलेला, व्हिडिओ रिव्ह्यूखाली आणला. एक सीझन चालवला आणि सोडून दिला, कारण व्हिडिओ कितीही वेळा बघितला तरी ‘किती स्पर्श म्हणजे जास्त’ हा प्रश्न तसाच राहतो, तो पुढच्या माणसाकडे सरकतो फक्त. एनबीएमध्ये 2019-20 पासून कोच चॅलेंज (कोचने निर्णय व्हिडिओवर तपासायला लावणं) आहे, पण मुळात तो वाजलेल्या शिट्टीवर घ्यायचा असतो. लेब्रॉनच्या त्या लेअपवर चॅलेंज घेताच आला नसता, कारण चॅलेंज करायला काही घडलेलंच नव्हतं. म्हणून मला वाटतं की न वाजलेली शिट्टी दिसायला आज हा रिपोर्ट हीच एक जागा आहे, आणि म्हणून त्याच्या सगळ्या उणिवा धरूनही तो बंद होऊ नये.

आपल्याकडच्या खेळांना असं काहीतरी हवंय असं मला फार वाटतं. हांगझोऊ एशियाडची पुरुष कबड्डी फायनल आठवा, ऑक्टोबर 2023, भारत आणि इराण 28-28, शेवटचं दीड-एक मिनिट, पवन सेहरावतची रेड, तो स्पर्श न करता लॉबीत (कोर्टाच्या कडेच्या पट्टीत) गेला, मागोमाग इराणचे डिफेंडर गेले, आणि मग पॉइंट कोणाला किती यावर निर्णय इकडचा तिकडे होत राहिला, कारण जुना नियम एक सांगत होता आणि नवा दुसरं. मॅच तासभर थांबली. भारत 33-29 जिंकला, आपण खूश झालो, पण तो निर्णय नक्की कुठल्या नियमाच्या आधारे झाला हे एका पानावर, व्हिडिओसकट, दुसऱ्या दिवशी लोकांना वाचायला मिळायला हवं होतं की नको? 2019 च्या वर्ल्ड कप फायनलचा ओव्हरथ्रो तसाच. सहा रन दिले, आणि नियमाप्रमाणे फिल्डरने बॉल फेकला तेव्हा बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेलेले नव्हते म्हणजे पाचच व्हायला हवे होते. ही गोष्ट जगाला कळली ती एका माजी अंपायरने बोलून दाखवली म्हणून, आणि सहा देणाऱ्या अंपायरने ती नंतर मान्य केली. ‘सोडून द्यायचं की कडक लावायचं’ याच्या आधी नियम नेमका डोक्यात असणं येतं, आणि दडपणाखाली पहिलं तेच जातं.

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. एका आंतरमहाविद्यालयीन फायनलला एका गुणाचा फरक होता, चार सेकंद होते, मागे असलेल्या टीमचा पॉइंट गार्ड आत घुसला आणि त्याच्या मनगटावर हात बसला. मला दिसलं. शिट्टी तोंडात होती. मी नाही वाजवली, मनात तेच वाक्य होतं की निकाल पोरांनी लावू दे. बॉल रिंगला लागून बाहेर आला आणि मॅच संपली. हरलेल्या टीमचे कोच ओरडले नाहीत, शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, “सर, दुसऱ्या क्वार्टरला हाच फाऊल तुम्ही दोनदा दिला होतात ना?” दिला होता. दोन्ही वेळा, बरोबर दिला होता. मला काही बोलता आलं नाही. तो मुलगा बेंचवर टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता आणि निकाल त्याने लावलेला नव्हता, मी लावला होता.

त्यानंतर मी हा रिपोर्ट नियमित वाचायला लागलो. आता मॅचचं मोबाइल रेकॉर्डिंग मिळालं की माझा मीच तक्ता करतो, तेच चार शिक्के, तोच ‘नुकसान झालेला खेळाडू’चा रकाना, फक्त पहिल्या क्वार्टरची दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं शेजारी-शेजारी. लीग देत नाही तो भाग माझ्यापुरता मी भरून काढतो. पहिल्या काही मॅचेसना शेवटच्या बाजूला आयएनसी जास्त यायचे, स्पष्ट दिसायचं. आता फरक कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. शिकाऊ रेफरी आणि कोच यांच्यासाठी साडेचार देईन, डोळे झाकून घ्या असं सांगेन. फक्त आपल्या टीमवर अन्याय झाला हे सिद्ध करायला उघडणार असाल तर दोन, कारण तुम्हाला हवी ती एक ओळ मिळेल आणि बाकीच्या वीस वाचायच्या राहून जातील. पहिल्या क्वार्टरचा तक्ता ज्या दिवशी शेजारी येईल त्या दिवशी मी हा रिव्ह्यू बदलून पाच करेन.